खांद्यानं टाक

दुखण्यावरच्या मलमाचा उग्र वास आला की मला अंबडची ती फायनल आठवते. बॉलिंग करताना आमच्या फास्ट बॉलरचा डावा पाय मुरगळला होता. मी टीमचा कॅप्टन, त्याच्या घोट्याला मलम चोळून मीच रुमाल आवळला. “पाय टेकवला की कळ येऊन राह्यली,” तो म्हणाला. “मंग खांद्यानं टाक, दोनच ओव्हर राह्यल्यात,” मी म्हणालो. पायावर भार न देता, अंग एका बाजूला झोकून तो टाकू लागला आणि तो विचित्र बॉल कुणालाच समजेना. तिघांच्या दांड्या उडाल्या, कप आम्हाला मिळाला. महिनाभरात त्याचा पाय बरा झाला, पण जिंकून देणारी अॅक्शन मी त्याला सोडू देतो होय! खांदा दुखतो म्हणाला, तेव्हा “नखरे करू नको” म्हणत चारचौघांत हसलोसुद्धा. पुढच्याच सीझनला खांदा कायमचा गेला. आता शहागडला हायवेवर त्याचं दुकान आहे. मला पाहिलं की अजूनही “या कॅप्टन” म्हणत उजवा हात उचलतो, तो छातीपाशीच थांबतो. मी बिस्किटं घेतो, पाणी घेतो. वरच्या फळीवरचं मात्र काही मागत नाही.