कुंकवाच्या बोटाखालची तारीख

हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येणारा धोबी पक्षी आपल्याकडे पहिल्यांदा कधी दिसला, याची नोंद देशोदेशीची माणसं एका ऑनलाइन गटात करतात. निवृत्तीनंतर मीही त्यात शिरलो. तारीख कशी लिहायची यावरून तिथे भांडण पेटलेलं होतं. पाच-दहा लिहिलं की आमचा पाच ऑक्टोबर, अमेरिकेतल्यांचा दहा मे. मे महिन्यात सोलापूरच्या गच्चीवर धोबी उतरला तर त्याचं भरीत होईल, असं मी खरमरीत लिहून टाकलं. सारा जन्म कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस मी. चुकीची तारीख दिसली की माझं डोकं फिरतं.

बायको दुधनी गावची. तिला हा प्रश्नच नव्हता. पक्षी दरवर्षी तिलाच आधी दिसायचा, आणि ती स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकोनात कुंकवाचं बोट टेकवायची.

"तुमी भांडत बसा तारखेवर," ती म्हणाली. "त्यो बगा, टाकीवर शेपूट हलवायलाय की."

महिनाभर वाद घालून शेवटी माझंच ठरलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. नियमाखाली नमुना हवा होता, म्हणून मी तिच्या बोटाखालची तारीख दिली. जगभरची माणसं तुझी तारीख बघून लिहितात, असं सांगितल्यावर ती लाजली आणि चहा टाकायला गेली.

यंदा ऑगस्टमध्ये ती गेली. दोन दिवसांचा ताप, इतकंच. पानं उलटायचं काम तिचं होतं, त्यामुळे दिनदर्शिका अजून ऑगस्टवरच आहे.

परवा सकाळी कपडे वाळत घालताना टाकीवर धोबी दिसला. मी जिन्यातून हाक मारली, "अगं, आलाय बघ." खाली कोणी नाही, हे हाक मारून झाल्यावर आठवलं. मग ओला पंचा हातात धरून पायरीवर बसलो आणि रडलो.

दुपारी नोंद करायला बसलो. पान उघडलं की सगळ्यात वर नियम, त्याखाली तिची तारीख. तिच्या तारखेच्याच नमुन्यात यंदाची तारीख लिहून, तिच्याशिवाय आलेला पहिला धोबी जगाला कळवायचा होता. माझ्याच्यानं ते होईना. तेवढ्यात गटातल्या एका परदेशी बाईंनी विचारलं, सोलापूरचा पाहुणा अजून कसा आला नाही?

नोकरीत मी कधी खोटी नोंद केली नाही. त्यांना लिहिलं, यंदा आमच्याकडे तो आलाच नाही.