वहिनींना त्रास झाला

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात, एका बेसमेंटमध्ये टीव्हीवर आमच्या किलिमांजारो ट्रेकचे फोटो चालू होते, आणि पावभाजीची प्लेट हातात धरून मी स्वतःबद्दलच्या थापा ऐकत होते.

“शिखर अगदी समोर होतं,” माझ्या नवऱ्याचा मित्र सांगत होता. आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा हा स्वयंघोषित लीडर. “पण वहिनींना त्रास व्हायला लागला. मी या आपल्या मित्राला म्हटलं, यार, तू जा वर, मी वहिनींना खाली नेतो. समिट काय, परत होईल!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझं डोकं सणकलं.

मला कसलाही त्रास झाला नव्हता. मिशिगन म्हणजे पोळपाटासारखा सपाट प्रदेश, म्हणून अख्खा हिवाळा मी सॅकमध्ये तांदळाची पिशवी घालून ऑफिसच्या पार्किंगचे जिने चढले-उतरले होते. सिक्युरिटीवाल्याला वाटायचं, हिची गाडी हरवली आहे. डोंगरावर मी हळूहळू पण ठणठणीत चालत होते. बिघडला होता तो हा लीडर. आदल्या दिवसापासून डोकं दुखत होतं, ते त्याने गाईडपासून लपवलं. शेवटच्या चढावर उलट्या झाल्या, मग पाय लटपटले, जीभ जड झाली. गाईड म्हणाला, आत्ताच्या आत्ता खाली. याने त्याचा हात झिडकारला आणि मराठीत सुरू झाला. एरवी मराठी माणसाशीही इंग्रजी झाडणारा हा, पण तिथे त्याला एक इंग्रजी शब्द सुचेना. दोन गाईडपैकी एक त्याला घेऊन उतरणार होता, पण याचं बोलणं कळणारं कुणीतरी सोबत हवं, असं गाईडचं म्हणणं. असे तिथे आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा नवरा.

नवऱ्याने शिखराकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तू त्याला छान समजावतेस,” तो म्हणाला. “तू जा.”

मी गेले. रडत, शिव्या घालत, त्या धटिंगणाचा दंड धरून तो निसरडा उतार उतरले. खाली आल्यावर तो सावरला, झोपला, आणि उठल्यावर साधं थँक्यूसुद्धा म्हणाला नाही. माणूस वाचला, पुरे झालं, असं म्हणून मी गप्प बसले. आमच्या हॉलमध्ये नवऱ्याचा शिखरावरचा फोटो फ्रेम करून लागला, तेव्हाही काही बोलले नाही.

त्या बेसमेंटमध्येही कदाचित गप्पच बसले असते. पण मग पुढच्या ट्रिपची स्लाइड आली. जुलैमध्ये कोलोरॅडो, चौदा हजार फुटांचा डोंगर, सगळ्या फॅमिलीज. “अल्टिट्यूड वगैरे मनाचे खेळ असतात,” लीडर म्हणाला. “डोकं दुखलं तर इग्नोर करायचं.” नागपूरहून मुलीकडे आलेले सत्तरीचे एक काका पुढेच बसले होते. सगळ्यांना दाखवायला आणलेले नवे बूट मांडीवर घेऊन त्यांनी मनापासून मान डोलावली.

मी प्लेट खाली ठेवली. “त्रास मला नाही, याला झाला होता. डोकं दुखतंय हे लपवलं आणि मरता मरता वाचला. भ्रमिष्टासारखा मराठीत बडबडत होता. काका, डोकं दुखायला लागलं की सांगायचं असतं, आणि खाली यायचं असतं.”

“काय वहिनी, चेष्टा करताय का!” लीडर हसला. सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मीही.

“मला नीट आठवत नाही,” नवरा म्हणाला. “वर सगळंच धूसर होतं ना.”

धूसर! तिथल्या तिथे त्याची गचांडी धरावीशी वाटली मला.

लीडरची बायको मात्र माझ्याकडेच बघत होती. “काय बडबडत होता तो?”

“‘गराजचं दार लावलंस का?’ सारखं तेच. मला तो तूच समजत होता.”

तिचा चेहरा उतरला. “हे रोज झोपताना विचारतो मला,” ती म्हणाली. मग काकांकडे वळली. “काका, तुम्ही नका जाऊ. कुणीच नका जाऊ याच्याबरोबर.”

लीडरने टीव्ही बंद केला.

“सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?” गाडीत बसता बसता नवरा म्हणाला. “कॅन्सल झाली ना बिचाऱ्याची ट्रिप.”

मित्रावरचा राग तोवर थोडा निवला होता. डोंगरावर त्याच्या मेंदूला ऑक्सिजन मिळत नव्हता, त्याला खरंच काही आठवत नसेल. माझा नवरा मात्र त्या बेसमेंटमध्ये दोनदा पावभाजी घेऊन, पूर्ण शुद्धीत खोटं बोलला होता. याचा राग कुठे ठेवू तेच मला कळत नव्हतं.

“तुला सगळं आठवतंय,” मी म्हणाले.

पहिल्या लाल सिग्नलला त्याने गाडी थांबवली.

“आठवतंय,” तो म्हणाला. “पण मलाही वर जायचं होतं गं.”

“मलाही,” मी म्हणाले.