आईच्या नावाची डबी

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी अर्नाळ्याच्या आमच्या अंगणात बोंबील वाळत घालत होते. पहिला विचार मनात आला तो हा, की आता मला कुणी विचारणार नाही. नणंद गेल्याचं दुःख नंतर झालं… इतकी मी वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते.

क्षयाचे जंतू लवकर ओळखणारी चाचणी शोधण्यात नलूचं आयुष्य गेलं. रविवारी मुंबईच्या प्रयोगशाळेतून घरी यायची ती पिशवीत डब्या घेऊनच. गावात कुणी खोकलं की हिची डबी पुढे. "सकाळी उठल्याउठल्या, चूळ भरायच्या आधी. छातीतून खोकून काढा, नुसती थुंकी नको." बायका तिला पाहून खोकला दाबायच्या. मग सासूबाईच खोकायला लागल्या. त्या बाजारात मासे विकायच्या. नलूनं ठेवलेली डबी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "टीबी निगाला तं माज्याकडून मावरं कोन घेल? तूच थुक यात." मी थुंकले. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं, मलाही घरात तो आजार नकोच होता. रिपोर्ट चांगला आला. नलूनं आईला मिठी मारली, आणि सासूबाईंनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

पाऊस सरता सरता सासूबाई रक्त ओकत गेल्या. इस्पितळात क्षय निघाला. तेराव्याला नलूनं मला मागच्या दारी गाठलं.

"वहिनी, आईनं खोकूनच काढलं होतं ना?"

"माझ्यासमोर," मी म्हटलं.

ती पायरीवर बसली. "मग माझीच चाचणी चुकली. आईला मी मारलं."

मी आत जाऊन तिच्यासाठी चहा टाकला. दवाखान्यांत जायला तयार असलेली ती चाचणी तिनं मागे घेतली. पुढे बरीच वर्षं ती आली की मला वाटायचं, आज सांगावं… नाहीच सांगितलं.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या शोकसभेला गेले होते. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं फ्रीजर उघडून एक डबी दाखवली. वर नलूच्या अक्षरात 'आई'. तळाशी थोडंसंच उरलेलं. "मॅडम प्रत्येक नवी चाचणी आधी यावर करायच्या. जंतू सापडले नाहीत की सगळं पुन्हा पहिल्यापासून. चांगल्या चांगल्या चाचण्या टाकून दिल्या त्यांनी." मग डोळे पुसून म्हणाली, "आम्हीही आता आधी हीच डबी तपासणार, काकू."

मी मान डोलावली आणि घरी आले. तिथे तोंड उघडलं नाही, म्हणून इथे लिहिते. मुली, ती डबी फेकून दे. त्यात माझी थुंकी आहे. नलूची पहिलीच चाचणी बरोबर होती.