वीतभर रेघ, बोटभर जागा

कारखान्यात तिला सगळे ‘गोगलगाय’ म्हणत. रागवायची सोय नव्हती. यंत्रातल्या विजेच्या लहरींचा वेग कमी करणं हेच तिचं काम होतं. लहर पोचायला ठरावीक उशीर हवा, तर सर्किटच्या पट्टीवर तांब्याची वीतभर रेघ लागे. पण नव्या यंत्राची डबी काडेपेटीएवढी. साहेब म्हणाले, “बोटभर जागेत बसवा.”

तिने रेघेला दोन्ही बाजूंनी फणीसारखे दात काढले. दातांत अडखळत लहर सावकाश जाते, म्हणजे छोटी रेघही पुरते. पट्ट्या कोरणारे काका शेजारच्याच खोलीत. अकरा वर्षांत तिचं धड बोलणं झालं असेल तर त्यांच्याशीच. सात पट्ट्या वाया गेल्या. लहर मंदावायची, पण पोचेपर्यंत तिच्यात जीव उरायचा नाही.

काकांनी आठवी पट्टी कोरण्याआधी सातवी भिंगाखाली धरली. “बाई, तुमचे दात माझ्या हत्याराहून बारीक आहेत. कडा फाटतात. थोडे जाड करा.”

“मग वेग पुरेसा कमी व्हायचा नाही.”

“वर जागा नाही, तर खाली कोरा की. पाठीमागचं तांबं नुसतंच पडून आहे.”

तिने दोन दिवस गणित मांडलं. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. पाठीमागे फटी पाडलेली आठवी पट्टी त्यांनी शुक्रवारी कोरून दिली आणि त्याच संध्याकाळी ते निवृत्त झाले.

सोमवारी मोजमाप घेतलं. उशीर हवा तेवढा, लहर ठणठणीत! ती उठून शेजारच्या खोलीत गेली, तर तिथे कुलूप. साहेबांना सांगितलं, तर “छान, अहवाल पाठवा.” भावाला फोन लावला.

“दादा, जमलं!”

“काय जमलं? लग्न?”

“नाही रे, कामाचं.”

“हां हां. तब्येत सांभाळ.”

रविवारी ती पट्टी घेऊन विचारत विचारत काकांच्या घरी गेली. त्यांनी पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. “स्वच्छ आली,” म्हणाले. मग चहा झाला, आणि बोलण्यासारखं काही उरलंच नाही. टीव्ही चालू होता. दोघंही तिकडे बघत बसले.

अहवालात तिने काकांचं नाव घातलं. साहेबांनी ते खोडलं. तिने पुन्हा घातलं आणि तसंच वर पाठवलं. बहुधा कुणी वाचलंच नसावं. डब्या बाजारात गेल्या. पट्ट्या आता बाहेरून कोरून येतात, पाकिटात.

काकांकडे पुन्हा जावं असं तिला बरेचदा वाटतं. पण कुणाकडे जायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते तिला सुचत नाही.