आधी बोलणं, मग पुलाव

खोलमतच्या हातच्या पुलावाशिवाय सरायगुझर मोहल्ल्यात ना कुणाचं लग्न पार पडलं, ना कुणाची मयत. बाप आचारी, आजा आचारी. फरगाना खोऱ्यातल्या त्या शहरात आचाऱ्यांना तोटा नव्हता. पण मोहल्ल्याची मोठी कढई खोलमतच्याच ताब्यात असे. तो चुलीपाशी उभा असला की पांढऱ्या दाढीची माणसंही कढईला हात लावत नसत. झाकण उघडायचं ते त्यानंच.

म्हणून शहर कचेरीचा निरोप आला तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. शहराचा पुढचा आराखडा रहिवाशांना विचारून करायचा आहे, चायखान्यात सभा आहे, सकाळचा पुलाव तुमच्याकडे. खोलमतनं पिवळी गाजरं स्वतः निवडली, दुंब्या मेंढ्याच्या शेपटीची चरबी घालताना हात आखडला नाही. लोक बोटं चाटत जेवले. मग एल्योरबेक नावाच्या तरुण साहेबानं नकाशा उभा केला. मोहल्ल्याच्या जागी हिरवा बगीचा, कारंजं आणि दुकानांची रांग. माणसं एकमेकांची तोंडं बघू लागली. तेवढ्यात साहेब छातीवर हात ठेवून वाकला आणि सर्वांत वडील असलेल्या नियोमत बाबांना म्हणाला, "बाबा, दुवा द्या."

बाबांनी हात पसरून शहराला बरकत मागितली. सगळ्यांनी आमीन म्हणत चेहऱ्यावरून तळवे फिरवले आणि उठले. दुवा झाली की बैठक संपली. मग कुणी बोलत नाही. त्यातून यजमानाचं मीठ खाल्लेलं. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं.

पुढच्या आठवड्यात बाजारात गाजरवाल्यानं त्याला गाठलं.

"काय उस्ताद, पुलाव फारच गोड झाला होता म्हणे?"

"का रे?"

"एका जेवणावर अख्खा मोहल्ला देऊन टाकलात! कचेरीनं जाहीर केलंय, सरायगुझरची एकमतानं संमती. एकही हरकत नाही. आमच्याकडे नका हं येऊ पुलाव घेऊन!"

खोलमत गाजरं तिथंच टाकून घरी आला. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. लोकांना गप्प बसवायला त्याचाच हात वापरला होता. साहेबापेक्षा त्याला त्या हाताचाच राग येत होता.

दुसरी आणि शेवटची सभा ठरली तेव्हा पुन्हा निरोप आला. बायको ओयनिसो म्हणाली, "नाही म्हणून सांगा. हात दुखतोय म्हणा."

"म्हणजे ते दुसरा आचारी आणतील, पुन्हा तेच. मीच करतो."

"करा, आणि स्वतःचं घर स्वतःच्या हातानं वाढा त्यांच्या ताटात!"

खोलमत गाजरं आणायला उठला.

सभेच्या सकाळी त्यानं तांदूळ घातले, वाफ धरली, झाकण लावलं, कडेनं ओलं फडकं गुंडाळलं. साहेब आला, नकाशा पुन्हा उभा राहिला. वाढायची वेळ झाली तरी खोलमत उठला नाही. लांब दांड्याचा झारा मांडीवर आडवा घेऊन कढईशेजारी बसून राहिला.

मोहल्ल्याचा अध्यक्ष धावत आला. "अहो उस्ताद, साहेबांना घाई आहे. वाढा ना!"

"आधी बोलणं, मग पुलाव."

"अहो, जास्त शिजेल!"

"शिजू दे."

एल्योरबेक हसला. "उस्ताद रुसले वाटतं! बरं, मग बाबांनीच सुरुवात करावी. बाबा, दुवा..."

नियोमत बाबांचे हात वर उठले.

"बाबा, हात खाली घ्या!" खोलमत ओरडला. "अजून कुणाच्या पोटात घास नाही, कुणाच्या तोंडून शब्द नाही. दुवा कसली देताय?"

त्या वयाच्या माणसाला असं कुणी बोललेलं मोहल्ल्यानं ऐकलं नव्हतं. बाबा काठी टेकत उठले आणि त्याच्याकडे न बघता निघून गेले. खोलमतच्या काळजात कळ आली, पण झारा त्यानं सोडला नाही.

मोहल्ल्यातली म्हातारी सनोबर खाला उठली. "साहेब, मी उपाशी आहे, म्हणजे तुमचं मीठ अजून पोटात नाही. तेव्हा विचारते. या कारंज्याखाली माझं अंगण आहे. मी कुठं जायचं?"

"खाला, तो पुढचा तपशील आहे."

"मी तपशील होय? मेल्या, तुझ्या आईला विचार तपशील म्हणजे काय!"

हशा पिकला आणि बांध फुटला. पाण्याचा पाट कुठं वळवणार? आमच्या बापजाद्यांच्या तुतीच्या झाडांचं काय? दुकानं कुणाला मिळणार, तुमच्या मेहुण्याला? साहेब घामाघूम झाला. "रहिवाशांनी सहकार्य केलं नाही, असं लिहीन मी!"

"लिहा," खोलमत म्हणाला. "निदान या खेपेला तरी खरं लिहाल."

साहेब तणतणत गाडीत बसला. नकाशा तिथंच राहिला.

मग खोलमतनं झाकण उघडलं. भाताचा पार गोळा झाला होता, तळ करपला होता. आयुष्यात असा पुलाव त्याच्या हातून उतरला नव्हता. लाजेनं त्याचे कान तापले. एकानं चाखून म्हटलं, "उस्ताद, यानं भिंती लिंपता येतील!"

"लिंपा. राहिल्या तर!" खोलमत खेकसला.

लोक ताटल्या घेऊन नकाशासमोर उभे राहिले. सनोबर खालानं चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि कारंज्यावर चौकोन काढला. "हे माझं अंगण." दुसऱ्यानं पाटाची रेघ ओढली. तिसरा म्हणाला, रेघ चुकली, पाट मशिदीमागून जातो. भांडणं लागली, पुसापुशी झाली. तुतीची झाडं उगवली, तंदूर आले. बगीचा काळा होऊ लागला. नियोमत बाबांचं घर कुणीतरी आठवणीनं काढलं. बाबा काही परत आले नाहीत.

खोलमत करपलेला तळ खरवडत होता, तेवढ्यात साहेबाचा ड्रायव्हर नकाशा न्यायला आला. तो बघून त्यानं कपाळाला हात लावला. "अरे देवा, हे काय केलंत? साहेब मला खाऊन टाकतील!" घाईघाईनं तो नकाशाची गुंडाळी करू लागला.

झारा टाकून खोलमत धावला. तेलकट हातानं त्यानं गुंडाळी धरली आणि ती पुन्हा उलगडली.

"थांब," तो म्हणाला. "माझं घर राहिलंय."