नरसय्या मिस्त्रींचा वाल

इंजिनघरात शिरताना नरसय्या मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे घेत, मनगटांभोवती पंच्याचा वेढा देत आणि त्याचे टोक मुठीत धरत. मी प्रथम पाहिले तेव्हा वाटले, यांना कुणीतरी पकडून आणले आहे. सोलापुरातल्या बर्फाच्या कारखान्यावर मजकूर लिहायला संपादकांनी मला पाठवले होते. मी कारण विचारले.

"हाताला खोड हाय," ते म्हणाले. "चाक दिसलं की फिरवतोय."

घराणे विणकरांचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी. बर्फाचा कारखाना म्हणजे उन्हाळ्यात गारवा, या समजुतीने त्यांनी माग सोडला. इंजिनघरात गावातल्या इतर कोणत्याही जागेपेक्षा जास्त उकडे. हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले. तरी ते राहिले.

कारखान्यात अमोनियाचे यंत्र एक, कामे दोन. टाकीत बर्फ व्हायचा आणि शेजारच्या खोलीत तांबोळ्यांची विड्याची पाने राहायची. अमोनिया नळ्यांत उकळतो आणि भोवतालची उष्णता ओढून घेतो. नळीतला दाब जितका कमी, तितकी थंडी जास्त. बर्फाला दाब बराच कमी लागतो. तोच पानांच्या नळ्यांत उतरला तर पाने गोठतात. म्हणून पानांच्या खोलीतून यंत्राकडे परतणाऱ्या नळीवर चाकाचा वाल, म्हणजे झडप, होता. मिस्त्री दिवसभर दाबाच्या काट्याकडे बघत आणि ते चाक कमीजास्त करीत. बरीच वर्षे त्यांनी एवढेच केले. मग शेटजींनी विलायतेहून आपोआप चालणारा वाल आणला. आत पातळ पडदा, पडद्यावर स्प्रिंग. जुने चाक अडीअडचणीसाठी बाजूच्या नळीवर ठेवले.

"सासू दारात बसलीया," मिस्त्री समजावीत. "खोलीत गर्दी झाली की सोडती, गर्दी हटली की दार लावून घेती. पुढनं मशीन कितीबी ओढू दे, ती पुढं बघतच न्हाय."

सासू किती कडक, ते स्प्रिंगवरचा स्क्रू ठरवी. स्क्रू घट्ट तर आतला दाब जास्त आणि थंडी कमी. सैल तर उलट. एकदा बसवला की त्याला पुन्हा हात लावायचा नसे.

मिस्त्रींनी लावला. येता-जाता थोडा सैल, थोडा घट्ट, जुन्या चाकासारखा. आठवडाभरात स्प्रिंग इतकी सैल झाली की सगळी पाने गोठली. दस्तगीर तांबोळी एक पान घेऊन आला आणि ते त्याने मिस्त्रींच्या पुढ्यात लोखंडावर वाजवून दाखवले.

"मिस्त्री, ये पान है के छत का कवेलू? चूना लगाऊं के छप्पर डालूं?"

मिस्त्रींनी पान हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. शेटजी एवढेच म्हणाले, "नरसय्या, पुन्हा पानं गेली तर तुम्ही मागावर." पंच्याचा वेढा त्या दिवसापासूनचा. दस्तगीरने पाने तिथेच ठेवली, कारण गावात दुसरी थंड खोली नव्हती.

पुढच्या वैशाखात लग्नसराईच्या पानांनी खोली छतापर्यंत भरली होती. मी दुपारी सहज गेलो तर खोलीच्या दाबाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकलेला. मिस्त्री त्याच्यासमोर उभे होते.

"चढतोय की," मी म्हणालो.

"चढू द्या. गर्दी झाली की सासू सोडती."

सासूने सोडले नाही. संध्याकाळी काटा आणखी वर होता. दस्तगीर खोलीत डोकावून बाहेर आला.

"मिस्त्री, अंदर गरम लगरा. वो पुराना चक्का जरा खोलो ना."

"हात लावायचा न्हाय."

"पान मेरे हैं."

"नोकरी माजी हाय."

नळीतल्या गंजाची खपली येऊन विलायती वाल बंद स्थितीत अडकला होता. जुने चाक उघडले असते तर पाने वाचली असती. दुसऱ्या दिवशी ती पिवळी पडून कुजू लागली.

शेटजींनी विचारले, "काटा दिसत नव्हता?"

"दिसत हुता."

"मग?"

"मागल्या खेपंला हात लावला म्हणून बोललात."

शेटजी म्हणाले, "या खेपेला लावला नाही म्हणून बोलतोय."

मिस्त्रींनी विचार केला. "बराबर हाय," ते म्हणाले, आणि पंचा झटकून खांद्यावर टाकला. भावाच्या घरी एक माग रिकामा होता. तिथे ते दुसऱ्या दिवसापासून बसू लागले.

नवा मिस्त्री करमाळ्याकडचा होता. तो आल्याचे कळताच नरसय्या मागावरून उठून कारखान्यात आले. त्यांना कुणी बोलावले नव्हते. त्यांनी त्याला काट्यासमोर उभे केले.

"पयली चूक. काटा जागेवर हुता, मी स्क्रू फिरवला. दुसरी चूक. काटा हालला, मी चाक फिरवलं न्हाय. आता तुमी सांगा."

"व्हय, कळलं की."

"कळलं म्हनू नका. सांगा."

नव्या मिस्त्रीने सांगितले. एक शब्द चुकला, तेव्हा नरसय्यांनी पुन्हा सांगायला लावले. मग ते दाराकडे निघाले.

"आन् तिसरी?" नव्याने विचारले.

"तिसरी तुमची तुमी करा," नरसय्या म्हणाले, आणि गेले.