साळूच्या पानावरची भगर

तळेघरच्या लंकाबाईच्या घरी पित्रांच्या पंधरवड्यात एक पान वेगळं वाढलं जाई. बाकीच्या पित्रांना भात, वडे, भाजी; आणि तिच्या धाकट्या बहिणीला, साळूला, नुसती उपासाची भगर. साळू लग्नाआधीच गेली. उपास करकरून पार काटकी झाली होती, आणि एका श्रावणात भीमाशंकराच्या वाटेवर बसली ती उठलीच नाही. देवानंच नेली, म्हणून लोक मोकळे झाले. जिवंतपणी बाया तिच्या पाया पडायच्या. मेल्यावरही तिचा उपास मोडायला नको, म्हणून भगर.

लंकाबाईची लेक आरती शाळकरी वयाची झाली, तेव्हा आईनंच तिला मावशीच्या नावानं श्रावणी सोमवार धरायला लावले. श्रावण सरला, पोरीचे सोमवार सरेनात. मग गुरुवार आला, चतुर्थी आली. नव्वद साल उलटून गेलं होतं. शेजारच्या पोरी टीव्हीपुढं बसून फरसाण चघळायच्या, आणि आपली लेक कशी देवमाणूस, हे लंकाबाई गावभर मिरवायची. नवरा सावळेराम एकदा ओरडला, "पोरगी वाळून चाललीया, भाकर दे तिला!" हिनं त्यालाच गप्प केलं. "मावशीवर गेलीया ती. तुमाला न्हाई कळायचं."

मावशीवर गेली होती, एवढं मात्र खरं.

पाळी थांबली, केस मुठीमुठीनं गळायला लागले, आणि भात लावताना आरती चिखलात कोसळली, तेव्हा कुठं तिला पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

"न्हाई," लंकाबाई म्हणाली. साळू तिच्या मनातही आली नाही. साळू आजारी कुठं होती?

"हा हट्ट नाही, नखराही नाही," बाई सांगू लागल्या. "काहींची घडणच जन्मापासून अशी असते. उपाशी राहिलो की आपण कासावीस होतो. यांच्या मेंदूला उलट बरं वाटतं. एकदा ते लागलं, की खावंसं वाटूनही घास उतरत नाही. बरेचदा रक्तातूनच येतं, आईकडून, मावशीकडून. पण सुरुवातीला काहीतरी निमित्त होतं. हिचं जेवण पहिल्यांदा कशानं सुटलं?"

मावशीचं नाव निघताच लंकाबाईला साळू आठवली, आणि आरतीचा पहिला श्रावणी सोमवारही. "मीच सोडवलं, बाई," ती कशीबशी म्हणाली.

आरती वाचली, पण हाडं पोकळ झाली ती झालीच. पुढची कित्येक वर्षं एकेका घासासाठी आईची विनवणी चाले. घरातले उपास बंद झाले, गावानं नावं ठेवली, त्याचं लंकाबाईला काही वाटलं नाही. साळूच्या पाया पडणाऱ्यांत आपणच पुढं असायचो, "जेवलीस का गं" असं तिला एकदाही विचारलं नाही, हे मात्र तिला जाळत राहिलं.

पुण्याहून परतल्यावर पहिल्यांदाच पित्रांचा दिवस आला. लंकाबाईनं साळूच्या पानावर भात वाढला, वडे वाढले, नाचणीची भाकर ठेवली. "खा गं बाई," ती रडत म्हणाली, "लई उशीर केला आमी."

दाराशी उभी असलेली आरती आत आली आणि मावशीच्या पानाशेजारी बसली. "आई, मलाबी वाढ. थोडंच."

लंकाबाईनं डोळे पुसले आणि थोडंच वाढलं.